रक्ततपासणीतील ‘व्हीडीआरएल’ : समज आणि गैरसमज

स्मरणिकेत धम्म, शिक्षण आणि समाजाच्या प्रगतीचे लेख असावेत, गुप्तरोगाच्या चाचणीवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. संपादक मंडळाच्या बैठकीतही तो आला होता. परंतु आपल्या संस्थेच्या रक्तदान शिबिरानंतर जे घडले, ते पाहता हा लेख लिहिणे हे आमच्यावर कर्ज आहे असे आम्हांस वाटते.

दरवर्षी १४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी मंगळवार पेठेतील आपल्या विहारात रक्तदान शिबिर होते. काही वर्षांपूर्वीच्या शिबिरात पेठेतील एका तरुणाने पहिल्यांदाच रक्तदान केले. अर्जावर स्वतःचा दूरध्वनी क्रमांक न लिहिता त्याने संस्थेचा क्रमांक लिहिला. आठ दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की अमुक दात्याला एकदा भेटायला पाठवा. फोन करणाऱ्या बाईंनी कारण सांगितले नाही, आणि ते योग्यच होते. चूक झाली ती आमच्याकडून. त्याच संध्याकाळी विहारात दात्यांना प्रमाणपत्रे आणि कार्डे वाटली जात होती. हा मुलगा पुढे आला तेव्हा चारचौघांत बोलले गेले, “अरे, तुझं कार्ड थांबलंय. तुझ्या रक्तात काहीतरी निघालंय, पेढीत जाऊन ये.” हे वाक्य आम्ही स्वतः उच्चारले होते. त्यात वाईट हेतू नव्हता. पण शब्द तोंडातून सुटला तो सुटला.

मुलगा पेढीत गेला. ‘व्हीडीआरएल’ ही चाचणी ‘रिअॅक्टिव्ह’ आली आहे, डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासणी करून घ्या, असे त्याला सांगण्यात आले. ही चाचणी कशाची, हे कोणीतरी मोबाइलवर शोधून काढले आणि दोन दिवसांत ‘गरमी’ हा शब्द मिरजकर तिकटीपर्यंत पोचला. मुलाचा साखरपुडा ठरलेला होता. त्याची आई आमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “दादा, माझ्या लेकाचं रगात नासलंय म्हनत्यात. आमच्या घरात कुनाची वाट वाकडी न्हाई. मग ह्ये आलं कुठनं?” त्या माउलीला देण्यासाठी त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे डॉक्टरांना विचारून, तंत्रज्ञांजवळ बसून आणि वाचन करून जे समजले ते येथे सोप्या भाषेत मांडीत आहोत. आम्ही बँकेत कारकुनी करणारे कला शाखेचे पदवीधर आहोत, डॉक्टर नाही. म्हणून हा लेख उपचारांचा सल्ला नसून केवळ समजूत वाढविण्याचा प्रयत्न आहे.

आजार कोणता?

इंग्रजीत ज्याला सिफिलिस म्हणतात त्यालाच मराठीत उपदंश आणि बोलीभाषेत गरमी म्हणतात. हा आजार ट्रेपोनेमा पॅलिडम नावाच्या मळसूत्रासारख्या पिळदार जंतूमुळे होतो. शॉडिन आणि हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०५ साली हा जंतू शोधून काढला. तो मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, गर्भवती मातेकडून पोटातील बाळाला होतो आणि क्वचित रक्तातूनही जाऊ शकतो. एका ताटात जेवल्याने, एका गादीवर बसल्याने किंवा एकच संडास वापरल्याने तो होत नाही.

लागण झाल्यावर १० ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी, त्या जागी एक न दुखणारा फोड किंवा व्रण उठतो. तो काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि माणसाला वाटते, गेले संकट. जंतू मात्र अंगातच असतो. पुढे अंगावर, विशेषतः तळहातांवर व तळपायांवर पुरळ येते आणि तेही आपोआप जाते. त्यानंतर वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही. उपचार न झालेल्यांपैकी काही जणांच्या हृदयाला, मोठ्या रक्तवाहिनीला, मेंदूला किंवा डोळ्यांना पुष्कळ वर्षांनी इजा होते. आजार मुका राहतो म्हणूनच रक्ताची चाचणी महत्त्वाची ठरते.

या आजाराच्या नावांचा इतिहासही बोधप्रद आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याची मोठी साथ आली तेव्हा इटलीतील लोक त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले, फ्रान्समधील लोक नेपल्सचा रोग म्हणू लागले आणि रशियन लोक त्याचे खापर पोलंडवर फोडू लागले. आपल्याकडे सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात त्याला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला अशी समजूत होती. थोडक्यात, रोग नेहमी दुसऱ्याचा, आपला कधीच नाही! विटाळ दुसऱ्याच्या माथी मारण्याची ही रीत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. निदान आपण तरी ती दुसऱ्यावर चालवू नये.

चाचणी नेमके काय पाहते?

‘व्हीडीआरएल’ ही चाचणी जंतूला पाहत नाही. ही एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी या लेखाचे निम्मे काम झाले.

शरीरात परका जंतू शिरला की रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. १९०६ साली जर्मनीत वासरमन, नायसर आणि ब्रुक यांनी उपदंशासाठी पहिली रक्तचाचणी तयार केली. त्यांनी उपदंशाने दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरला होता, कारण त्यात जंतू भरपूर असतात. पण लवकरच असे दिसून आले की ज्यात एकही जंतू नाही अशा निरोगी अवयवांचा, अगदी बैलाच्या हृदयाचा अर्क वापरला तरी चाचणी तशीच चालते! म्हणजे चाचणीत पकडले जात होते ते जंतूविरुद्धचे प्रतिपिंड नव्हतेच. जंतूमुळे शरीरातील पेशींची मोडतोड होते आणि त्यांतून एक स्निग्ध पदार्थ बाहेर पडतो. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे ही चाचणी पकडत होती. १९४१ साली मेरी पँगबॉर्न या संशोधिकेने तो पदार्थ बैलाच्या हृदयातून शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. त्याचे नाव कार्डिओलिपिन.

पुढे १९४६ साली अमेरिकेतील व्हेनेरियल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी या प्रयोगशाळेत कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांच्या मिश्रणावर आधारलेली सोपी चाचणी बसविण्यात आली. त्या प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच ‘व्हीडीआरएल’ हे नाव पडले. गावोगावच्या प्रयोगशाळांत आज तेच नाव रूढ आहे.

ती करण्याची रीत अशी. रक्त परीक्षानळीत गोठू देतात आणि वर सुटणारा पिवळसर द्रव, म्हणजे रक्तद्रव, वेगळा काढतात. तो ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात. नंतर काचपट्टीवरील वर्तुळात त्याचा थेंब टाकून त्यात तयार मिश्रणाचा एक बारीक थेंब सोडतात. काचपट्टी फिरत्या यंत्रावर मिनिटाला १८० फेऱ्यांच्या वेगाने चार मिनिटे फिरवतात आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कण सुटे सुटे दिसले तर ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’, आणि फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या दिसल्या तर ‘रिअॅक्टिव्ह’. याच चाचणीची धाकटी बहीण म्हणजे ‘आरपीआर’. तिच्यात कोळशाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात, त्यामुळे गुठळ्या पांढऱ्या कार्डावर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तिच्यासाठी रक्तद्रव तापवावा लागत नाही व सूक्ष्मदर्शकही लागत नाही.

गुठळ्या झाल्यास तोच रक्तद्रव दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करीत जातात आणि कोठपर्यंत गुठळ्या होतात ते पाहतात. अहवालात ‘१:८’ किंवा ‘१:३२’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ हाच. दुसरा आकडा जितका मोठा, तितकी प्रतिपिंडे जास्त. उपचारानंतर हा आकडा चौपटीने उतरला, म्हणजे १:३२ चा १:८ झाला, तर औषध लागू पडले असे डॉक्टर समजतात. म्हणून जुना अहवाल फाडून टाकू नये, जपून ठेवावा.

‘रिअॅक्टिव्ह’ म्हणजे रोग नव्हे

पेशींची मोडतोड काही फक्त उपदंशातच होत नाही. हिवताप, विषाणूंमुळे येणारे ताप, गोवर, नुकतीच टोचलेली एखादी लस, क्षयरोग, कुष्ठरोग, सांध्यांचे व त्वचेचे काही जुनाट विकार, गर्भारपण, उतारवय अशा कित्येक कारणांनी निरोगी माणसाचीही ‘व्हीडीआरएल’ रिअॅक्टिव्ह येऊ शकते. अशा वेळी आकडा बहुधा लहान, म्हणजे १:८ किंवा त्याहून कमी असतो. पण सुरुवातीच्या आणि जुन्या उपदंशातही आकडा लहान असू शकतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून घरच्या घरी निकाल लावू नये.

बँकेच्या व्यवहारातील एक दाखला देतो. धनादेशावरील सही नमुन्याशी जुळली नाही तर आम्ही तो ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून परत करतो. त्याचा अर्थ खातेदार लबाड आहे असा होत नाही. हात थरथरला असेल, सही बदलली असेल, एखाद्या वेळी खरोखरच कोणी खोटी सही केली असेल. शेरा एवढेच सांगतो की पुन्हा तपासा. ‘रिअॅक्टिव्ह’ हा शब्द तसाच एक शेरा आहे.

याचा हिशेब करून पाहू. समजा एक हजार लोकांनी रक्त दिले आणि त्यांपैकी तिघांना खरोखर आजार आहे. समजा चाचणी त्या तिघांनाही पकडते, परंतु निरोगी माणसांपैकी दर शंभरांत एकाला चुकीने रिअॅक्टिव्ह ठरवते. उरलेल्या ९९७ जणांतून सुमारे दहा जण चुकीने पकडले जातील. म्हणजे पेढीतून बोलावणे आलेल्या तेरा जणांपैकी दहा निरोगीच असतील. हे आकडे आम्ही केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पण तत्त्व खरे आहे. ज्या समूहात आजार विरळा, तेथे पहिल्या चाचणीत सापडलेल्यांत निर्दोष माणसेच अधिक असू शकतात. मग चाचणी अशी हळवी का ठेवतात? कारण पेढीच्या दृष्टीने दहा चांगल्या पिशव्या वाया गेल्या तरी चालतील, पण एक वाईट पिशवी रुग्णाला चढता कामा नये. ही चाळणी पिशवीसाठी आहे, माणसाचे चारित्र्य चाळण्यासाठी नाही.

म्हणूनच दुसरी, खात्रीची चाचणी असते. तिचे नाव ‘टीपीएचए’. ती खुद्द ट्रेपोनेमा जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. ‘व्हीडीआरएल’ रिअॅक्टिव्ह आणि ‘टीपीएचए’ निगेटिव्ह, तर पहिली बहुधा खोटी हाक समजतात. दोन्ही पॉझिटिव्ह, तर आजार आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे असे समजून डॉक्टर इतिहास विचारतात आणि उपचार ठरवतात. येथे एक मेख आहे. आजार पूर्ण बरा झाला तरी ‘टीपीएचए’ बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते. तिला गतकाळ आठवतो, वर्तमान कळत नाही. बऱ्याच रक्तपेढ्यांत आता पहिल्यापासूनच जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा किंवा झटपट कार्डचाचण्या वापरतात. त्यामुळे बोलावणे आले तर प्रथम विचारावे की चाचणी कोणती केली होती.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे प्रतिपिंडे पुरेशी नसतात, म्हणून चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. प्रतिपिंडे अतिशय जास्त असली तरीही पातळ न केलेल्या रक्तद्रवात गुठळ्या न दिसण्याचा संभव असतो. म्हणून “मला शंका आहे, पण पेढीत आपोआप तपासणी होईलच,” अशा विचाराने रक्तदान करणे हा रुग्णावर अन्याय आहे. शंका असेल त्याने दवाखान्यात तपासणी करावी, शिबिरात नव्हे.

रक्तपेढीत ही चाचणी का?

आपल्या देशात दान केलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे : एचआयव्ही, ‘ब’ प्रकारची कावीळ, ‘क’ प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप. एचआयव्हीची तपासणी १९८९ पासून आणि ‘क’ काविळीची २००१ पासून सक्तीची झाली. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी १९९६ मधील निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. तेव्हापासून आपल्यासारख्या संस्थांच्या शिबिरांवरची जबाबदारी वाढली आहे.

उपदंशाचा जंतू थंडीत फार काळ तग धरत नाही. शीतकपाटात चार अंशांच्या आसपास ठेवलेल्या रक्तात तो काही दिवसांतच मरतो. म्हणून साठविलेल्या रक्तातून हा आजार होण्याचे प्रकार आज अत्यंत दुर्मिळ आहेत. तरीही चाचणी सोडून चालत नाही. ताजे रक्त लगेच चढवावे लागते तेव्हा धोका राहतो. आणि रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, २० ते २४ अंशांवर ठेवाव्या लागतात, तेथे थंडीचे संरक्षण मिळत नाही. डेंग्यूच्या दिवसांत त्यांची किती धावपळ होते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

गर्भवती भगिनींसाठी

या चाचणीचा सर्वांत मोठा उपयोग रक्तपेढीत नसून बाळंतपणाच्या दवाखान्यात आहे. उपचार न झालेला उपदंश गर्भवतीला असेल तर गर्भपात होणे, मूल मृत जन्मणे किंवा ते आजार घेऊनच जन्मणे असे अनर्थ घडतात. पूर्वी एखाद्या सुनेची मुले एकापाठोपाठ जात, तेव्हा तिला पांढऱ्या पायाची ठरवीत, तिच्यावरून लिंबू उतरवीत, देवऋषाकडे नेत. त्यांतील काही घरांत खरे कारण हाच जंतू असेल आणि तो नवऱ्याकडून आलेला असेल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे. पहिल्याच तपासणीत एचआयव्हीबरोबर उपदंशाचीही चाचणी झाली पाहिजे, असे शासनाचे धोरण आहे. दोन्ही एकाच कार्डावर होऊ शकतात. आजार आढळला तर पेनिसिलिनचे इंजेक्शन आईला आणि बाळाला दोघांनाही वाचवते. बाळंतपणाच्या निदान तीस दिवस आधी ते मिळाले पाहिजे. म्हणून नाव नोंदविण्यास उशीर करू नये, आणि नवऱ्यानेही तपासणी व उपचार घेतलेच पाहिजेत.

औषध आहे

१९१० साली पॉल एर्लिश आणि त्यांचे जपानी सहकारी हाता यांच्या संशोधनातून सोमलयुक्त औषध बाजारात आले. १९४३ साली अमेरिकेत जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे दाखविले. आजही तेच औषध पहिल्या क्रमांकाचे आहे. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. आजार जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन द्यावी लागतात. पेनिसिलिनची अॅलर्जी असणाऱ्यांनी ते आधी डॉक्टरांना सांगावे. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’ मध्ये तपासणी, समुपदेशन आणि उपचार मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

म्हणजे ज्या आजाराच्या नुसत्या नावाने लग्ने मोडतात, तो बहुधा एका इंजेक्शनाने बरा होणारा आहे. औषध नाही ते आपल्या जिभेला.

‘वाईट रक्ता’ची एक गोष्ट

त्या माउलीचे ‘रगात नासलंय’ हे शब्द आम्ही विसरू शकत नाही, कारण तसेच शब्द सातासमुद्रापार एका गरीब समाजाच्या माथी मारले गेले होते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना तो आजार आहे असे सांगितलेच नाही. “तुमचे रक्त वाईट आहे” एवढेच सांगितले. औषधोपचार चालू आहे असे भासविले आणि प्रत्यक्षात आजार वाढत कसा जातो हे पाहत राहिले. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन सर्वमान्य झाले तरी त्यांना ते दिले नाही. त्यांचे रक्त पुनःपुन्हा तपासले, पण निकाल त्यांच्या उपयोगासाठी नव्हता. चाळीस वर्षांनी, १९७२ साली वृत्तपत्रांनी हे उघड केले तेव्हा तो अभ्यास बंद पडला. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला होता. १९९७ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने माफी मागितली.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, तपासणी ज्याची, निकाल त्याचा. तो त्याला समजेल अशा भाषेत सांगितलाच पाहिजे. दुसरी, तो इतर कोणालाही सांगता कामा नये. टस्कीगीत पहिली गोष्ट पाळली नाही. आमच्या विहारात दुसरी पाळली नाही, हे कबूल करताना आम्हांस शरम वाटते.

बाबासाहेबांनी घेतलेले वकीलपत्र

असल्या विषयावर उघड बोलू नये असे म्हणणाऱ्यांना एक इतिहास सांगावासा वाटतो. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. संततिनियमन, लैंगिक शिक्षण, गुप्तरोग यांवर ते स्पष्टपणे लिहीत. त्यामुळे त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडण्यासाठी उभे राहिले ते आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, लोकांच्या शंकांना ज्ञानाने उत्तर दिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण ज्या महामानवाने या विषयासाठी न्यायालयात उभे राहण्याचा संकोच केला नाही, त्याच्या अनुयायांनी विहारात त्याविषयी कुजबुज करावी आणि ज्ञान मात्र घेऊ नये, हे शोभते काय?

धम्माच्या दृष्टीने

काही वडीलधाऱ्या मंडळींनी आम्हांस विचारले, “पण तिसरे शील मोडल्याशिवाय हा रोग होतो का?” त्यांना आम्ही दोन उत्तरे देतो. पहिले, चाचणी शीलाची नसते. नवऱ्याकडून लागण झालेल्या पत्नीने आणि तिच्या पोटातील बाळाने कोणते शील मोडले? दुसरे, समजा एखाद्याचे पाऊल खरोखरच वाकडे पडले, तर त्याचे उत्तर त्याने स्वतःच्या मनाला द्यावे. आपले काम त्याला दवाखान्यापर्यंत नेण्याचे आहे. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्या घाणीत पडलेला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. हा रोग तुला कोणत्या कर्माने झाला, असे भगवंतांनी त्याला विचारले नाही.

शिवाय धम्म ‘एहि पस्सिको’ आहे, म्हणजे ये आणि पाहा. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळा, हा कालामांना दिलेला उपदेश आपण दर पौर्णिमेला ऐकतो. पहिल्या चाचणीवर न थांबता दुसरी करून पाहणे हे त्याच उपदेशाचे आचरण होय.

पुढे काय झाले?

त्या तरुणाची ‘टीपीएचए’ निगेटिव्ह आली. शिबिराच्या आधी त्याला जोराचा ताप येऊन गेला होता. जयंतीचे शिबिर चुकू नये म्हणून त्याने तो अर्जावर लिहिला नव्हता. डॉक्टरांनी सांगितले की पहिली हाक बहुधा त्या तापामुळे आलेली खोटी हाक होती. काही महिन्यांनी ‘व्हीडीआरएल’ पुन्हा केली, तीही नॉन-रिअॅक्टिव्ह आली. कागद घेऊन आम्ही त्याच्या होणाऱ्या सासुरवाडीला गेलो. त्यांनी चहा दिला, कागद वाचले, आणि “आम्ही कळवतो” म्हणाले. त्यांनी कळवले नाही. मुलाचे लग्न पुढे दुसरीकडे झाले आणि संसार सुखाचा चालला आहे. शिबिराच्या दिवशी तो सतरंज्या घालायला, चहा द्यायला येतो. रक्त मात्र देत नाही. आम्ही त्याला आग्रह करीत नाही. तो आमचा अधिकार राहिलेला नाही.

त्याची आई मात्र एकदा असे बोलून गेली की आमचे डोळे उघडले. “दादा, दुसरा कागद चांगला आला म्हनून तुम्ही तोंड वर करून सांगत फिरताय. वाईट आला असता तर माझं पोरगं तुमचं नव्हतं व्हय?” ‘तो निर्दोष निघाला’ असे आम्ही अभिमानाने सांगत होतो, त्यातच दोष होता. खात्रीची चाचणी पॉझिटिव्ह आली असती तरी तो आजारी ठरला असता, गुन्हेगार नव्हे.

त्यानंतर आपल्या संस्थेने शिबिरासाठी काही नियम केले आहेत. दात्याने अर्जावर स्वतःचाच दूरध्वनी क्रमांक व पत्ता लिहावा. संस्थेचा लिहू नये. निकालाची माहिती हवी की नको, हा अर्जावरील प्रश्न कार्यकर्त्याने वाचून समजावून द्यावा. ताप, औषधे, लस, कावीळ याबद्दल खरे सांगावे. त्या दिवशी रक्त दिले नाही म्हणून कोणी कमी ठरत नाही. पेढीतून संस्थेकडे निरोप आलाच तर तो एकाच कार्यकर्त्याने दात्याच्या कानावर घालावा, कारण विचारू नये आणि कोठे लिहून ठेवू नये. कार्डे चारचौघांत नावे पुकारून न वाटता पाकिटातून घरपोच द्यावीत. आणि ज्याला सोबत हवी असेल त्याच्याबरोबर दवाखान्यात एक जण जाईल, बाहेरच्या बाकावर बसेल.

बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच, १९५० साली उभा राहिला, याचा आपणा कोल्हापूरकरांना रास्त अभिमान आहे. जयंतीच्या मिरवणुकीत आपण तेथे जातो, हार घालतो. पुढच्या जयंतीला जाताना या नियमांचीही आठवण ठेवू या. रक्तदान करावे, तपासणीला भिऊ नये, आणि दुसऱ्याच्या रक्ताविषयी तोंड उघडण्याआधी थांबावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.